विमानाची पैज आणि पुलावरचा माणूस

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल. तुम्ही आणि तुमच्या मित्राने विमानाच्या जुन्या कोड्यावर पैज लावली. धावपट्टीच्या जागी एक लांबलचक सरकता पट्टा आहे. विमान पुढे निघालं की पट्टा तेवढ्याच वेगाने मागे सरकतो. विमान उडेल का? तुम्ही म्हणालात उडेल, मित्र म्हणाला नाही. तुम्ही कारण समजावून सांगितल्यावर मित्राने कोड्याचे मूळ शब्द पुढे केले. तिथे ‘विमानाच्या वेगाइतका’ नव्हतं, ‘चाकांच्या वेगाइतका’ होतं. पैज लोंबकळली.

मग त्याच बैठकीत दुसरं कोडं निघालं. ब्रेक निकामी झालेला एक डबा रुळावरून सुसाट सुटलाय, पुढे पाच माणसं अडकलीत. तुम्ही रुळांवरच्या पुलावर उभे आहात, शेजारी एक धिप्पाड माणूस आहे. त्याला खाली ढकललं तर तो मरेल, पण डबा थांबेल आणि पाच जण वाचतील. ढकलाल का? तुम्ही म्हणालात, “माणसाच्या वजनाने डबा थांबतच नाही.” त्यावर सगळे तुमच्यावर तुटून पडले, की ही पळवाट आहे. तुम्ही विचारताय, पैज कोणाची आणि पळवाट खरंच होती का.

गंमत बघा. पहिल्या कोड्यात शब्दांवर बोट ठेवणारा तुमचा मित्र होता, दुसऱ्यात तुम्ही. मी सव्वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतोय, त्यातला बराचसा काळ प्रयोगशाळेत गेला, आणि माझा अनुभव असा की अशा वादांत निम्म्याहून जास्त वेळा दोन माणसं दोन वेगळी कोडी सोडवत असतात. उत्तरावरून भांडण पुढे होतं, त्याआधी कोड्यातली एखादी न बोललेली अट प्रत्येकाने आपापल्या परीने भरून घेतलेली असते. तेव्हा आधी विमान.

विमान आणि मोटार यांतल्या फरकावर सगळं उभं आहे. मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं, चाकं रस्त्याला मागे रेटतात, म्हणून मोटार पुढे जाते. पट्टा तिच्या चाकांइतक्याच वेगाने मागे पळाला तर मोटार जागच्या जागी धावत राहील, हे बरोबर. विमानाचं इंजिन मात्र चाकांना हातसुद्धा लावत नाही. पंखा किंवा जेट हवेला मागे ढकलतं आणि हवा विमानाला पुढे ढकलते. चाकं नुसती गोल फिरायला मोकळी असतात. पट्टा मागे ओढला तर ती जास्त वेगाने फिरतील, बस.

आकडे घालून बघू. चार आसनांचं छोटं विमान, भरलेलं वजन साधारण ११०० किलो. कठीण पृष्ठभागावर चाकं लोळताना होणारा विरोध वजनाच्या दोनेक टक्के धरला, तर सुमारे २०० न्यूटन. पंख्याचा रेटा सुरुवातीला २००० न्यूटनच्या वर. म्हणजे पट्टा कितीही मागे पळाला तरी दहा विरुद्ध एक असा सामना आहे, आणि चाकांचा वेग वाढला म्हणून हा विरोध काही तेवढ्या पटीने वाढत नाही. विमान ताशी १०० किलोमीटरला जमीन सोडत असेल, तर त्या क्षणी चाकं ताशी २०० च्या हिशेबाने फिरत असतील आणि विमान उडेल. २००८ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात हे करूनही पाहिलं गेलं. लांब कापड अंथरलं, ते गाडीने मागे ओढलं आणि त्यावरून एक हलकं विमान सरळ उडून गेलं.

आता मित्राचं वाचन. ‘चाकांचा वेग’ म्हणजे काय? चाकाची कडा पट्ट्यावर ज्या वेगाने लोळते तो वेग धरला, तर तो विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग एवढा असतो. आणि कोडं म्हणतं की हा वेग पट्ट्याच्या वेगाइतकाच राहतो. हे कधी शक्य आहे? विमानाचा वेग शून्य असेल तेव्हाच. म्हणजे ‘विमान हलत नाही’ हे उत्तर प्रश्नातच भरून ठेवलंय आणि मग आपल्याला विचारलंय की विमान उडेल का! उडणार नाही, हे खरंच. पण हे पदार्थविज्ञान नव्हे, कोड्यातल्या वाक्याचा अर्थ आहे.

तरी कोणी हट्टाने म्हणेल की तसा पट्टा बनवूच. ठीक. पट्ट्याने विमान धरून ठेवायचं कसं? एकच मार्ग आहे, पट्टा सतत वेग वाढवत राहिला पाहिजे. चाकं फिरवायलाही जोर लागतो आणि तो जोर लावताना पट्टा विमानाला थोडा मागे खेचतो. तीन चाकांचं मिळून वजन ३० किलो आणि चाकं भरीव चकतीसारखी धरली, तर २००० न्यूटनचा रेटा रोखायला पट्ट्याचं त्वरण सेकंदाला सुमारे १३३ मीटर प्रतिसेकंद हवं. एका सेकंदात पट्टा ताशी ४८० किलोमीटरला, दहा सेकंदांत ध्वनीच्या जवळपास चौपट वेगाला. टायर त्याच्या फार आधी चिंध्या झालेले असतील. (शिवाय एवढ्या वेगाने मागे पळणारा पट्टा आपल्याबरोबर हवाही मागे ओढेल. ती विमानाच्या नाकाकडून शेपटीकडे वाहणार, म्हणजे पंखांना समोरून वारा मिळणार. विमान जागच्या जागी वर उचललं गेलं तर मला नवल वाटणार नाही. पण हे कोणी करून बघू नये.)

पैजेचा निवाडा शेवटी देतो. इथे एवढंच लक्षात घ्या की लपलेली अट उघड्यावर आल्यावर वाद संपला. ‘या अर्थाने उडतं, त्या अर्थाने उडत नाही,’ एवढं म्हटलं की दोघेही मान डोलावतात. पदार्थविज्ञानातल्या कोड्यांची ही मोठी सोय आहे. अट सापडली की ती मोजता येते, काढता येते, परत घालता येते.

माझाच एक फजितीचा प्रसंग सांगतो. होडीचं कोडं तुम्हाला माहीत असेल. तळ्यात होडी आहे, होडीत जड दगड आहे. दगड पाण्यात टाकला, तो बुडाला, तर तळ्याची पातळी वाढेल, उतरेल की तीच राहील? उत्तर, उतरेल. दगड होडीत असताना आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो, तळाशी गेल्यावर फक्त आपल्या आकारमानाएवढं. वर्गात हे फळ्यावर झोकात सिद्ध केलं आणि लगेच टबात दाखवायला गेलो. रुंद टब, त्यात प्लॅस्टिकचा डबा तरंगत, डब्यात मूठभर दगड, शंभरेक ग्रॅमचा. कडेला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पेन्सिलने खूण केली, दगड पाण्यात सोडला आणि वाकून बघितलं. खूण आणि पाणी अगदी जुळलेलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तीच राहिली की!”

झालं होतं काय, टब होता ३० बाय ४० सेंटिमीटरचा, म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर. शंभर ग्रॅम दगडाने तरंगताना १०० घनसेंटिमीटर पाणी सारलं, बुडाल्यावर साधारण ३७. फरक ६३, तो १२०० वर पसरला म्हणजे अर्धा मिलिमीटर. पाणी कागदाच्या कडेला चढून जो वळ देतं, त्यातच तो गडप झाला. पुढच्या वर्षी एक किलोचं पोलादी वजन घेतलं. होडीत १००० घनसेंटिमीटर, तळाशी १२८. पातळी सात मिलिमीटर उतरली, शेवटच्या बाकावरूनही दिसली. पहिल्या वर्षी तत्त्व चुकलं नव्हतं, मी काहीतरी ‘नगण्य’ धरलं होतं आणि ते नगण्य नव्हतं. हे मला मोजून शोधता आलं. नीतीच्या कोड्यात अशी कागदी पट्टी चिकटवायला जागा मिळत नाही, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी एक उदाहरण, ज्यात पदार्थविज्ञान आणि नीती एकाच गोष्टीत गुंतलेली आहेत. १९६३ मध्ये टांझानियातला एरास्टो म्पेम्बा नावाचा शाळकरी मुलगा आइस्क्रीम बनवताना दुधाचं मिश्रण गरम असतानाच फ्रीझरमध्ये ठेवतो आणि ते इतरांच्या थंड मिश्रणाआधी गोठतं. शिक्षकांना विचारतो तर ते म्हणतात, तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल. पुढच्या शाळेत पुन्हा विचारतो, तर शिक्षक म्हणतात की हे म्पेम्बाचं पदार्थविज्ञान, जगाचं नव्हे. वर्ग हसतो. मग डेनिस ऑस्बोर्न नावाचे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला येतात, तेव्हा तो त्यांनाही तेच विचारतो. ऑस्बोर्न परत जाऊन प्रयोग करवून घेतात आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख छापून येतो. तेव्हापासून या परिणामाला त्या मुलाचं नाव आहे.

गोष्ट इथे संपवली की फार गोड लागते. पण २०१६ मध्ये हेन्री बरिज आणि पॉल लिंडन यांनी काळजीपूर्वक मोजमापं केली, तेव्हा शून्य अंशापर्यंत पोचायला गरम पाण्याला जास्तच वेळ लागतो असं दिसलं. तापमापीची जागा सेंटिमीटरभर जरी वरखाली झाली, तरी नसलेला परिणाम दिसल्यासारखा वाटू शकतो, हेही त्यांनी दाखवलं. आता ‘गोठणं’ म्हणजे शून्य अंशाला पोचणं, पहिला स्फटिक धरणं की पूर्ण दगड होणं, यावर वाद शिल्लक आहे. पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहू शकतं, त्यामुळे या तिन्ही वेळा वेगळ्या पडतात. पुन्हा तीच लपलेली अट.

पण समजा उद्या नक्की ठरलं की म्पेम्बा चुकला होता. मग हसणारे शिक्षक बरोबर ठरतात का? मला तरी वाटत नाही. मुलगा म्हणत होता, मी पाहिलंय. त्याला उत्तर एकच होतं, चल, दोन भांडी ठेवून बघू. ते न करता हसणं चूक होतं, आणि पाणी कसंही गोठो, ती चूकच राहते. नीतीच्या प्रश्नांना उत्तरंच नसतात असं कोणी म्हणालं की मी हे उदाहरण काढतो. इथे पदार्थविज्ञानाचा प्रश्न साठ वर्षं अडकलाय आणि नीतीचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो.

आता पूल.

तुमचा आक्षेप पदार्थविज्ञान म्हणून किती खरा आहे ते आधी पाहू, कारण तुमच्या मित्रांनी तेही तपासलेलं दिसत नाही. डबा १५ टनांचा धरू, तसा हलकाच. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. माणूस १५० किलोचा, धिप्पाडपणात कसर नको. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, टिकतो, तेव्हा १५,००० गुणिले १० भागिले १५,१५०. धडकेनंतरचा वेग ९.९ मीटर प्रतिसेकंद. शंभरातला एक भाग कमी झाला. डब्याकडे साडेसात लाख जूल गतिज ऊर्जा आहे. तो माणूस डब्यापुढे अडकून रुळांवर घासत गेला आणि घर्षण त्याच्या वजनाच्या निम्म्याइतकं धरलं, तर विरोध ७५० न्यूटनचा. साडेसात लाख भागिले साडेसातशे, म्हणजे एक किलोमीटर. पुलापासून पाच जण एक किलोमीटर लांब असतील तर त्यांना हाक मारलेली बरी. डबा रुळावरून घसरू शकतो, हे खरं, पण मग तो कुठे जाईल हे कोणालाच सांगता येणार नाही.

जिवंत माणसाला घर्षणाचा गुणांक लावताना मला कसंसंच होतं, हेही नोंदवून ठेवतो. ते कसंसं होणं या विषयाच्या बाहेरचं नाही.

तर आक्षेप शंभर टक्के खरा. पण खरा आक्षेपही पळवाट असू शकतो. ते ठरवायला कोडं कशासाठी रचलं गेलं ते बघावं लागतं. फिलिपा फुट या इंग्रज तत्त्वज्ञ. १९६७ मध्ये गर्भपातावर लिहिताना त्यांनी ओघात ट्रामच्या चालकाचं उदाहरण घेतलं. ट्राम थांबत नाही, एका वाटेवर पाच माणसं, दुसरीवर एक, फक्त वळवता येते. ते बऱ्याच उदाहरणांपैकी एक होतं. पुढे अमेरिकेतल्या जुडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७६ मध्ये पुलावरचा माणूस आणला आणि १९८५ मध्ये चालकाच्या जागी सांध्याच्या दांड्याजवळ (तो ओढला की डबा दुसऱ्या रुळावर वळतो) उभा असलेला त्रयस्थ. त्यांना डबा कसा थांबवावा हे विचारायचं नव्हतं. विचारायचं होतं ते असं की दोन्हीकडे हिशेब एकच आहे, एक जातो आणि पाच वाचतात. तरी बहुतेकांना दांडा ओढणं चालेलसं वाटतं आणि ढकलणं नाही. का?

हा प्रयोगशाळेतलाच डाव आहे. बाकी सगळं तसंच ठेवा, एक गोष्ट बदला, काय हलतं ते बघा. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात असंच केलं होतं. जड दगड वेगाने पडतो आणि हलका हळू, असं म्हणता ना? मग दोन्ही दोरीने बांधा. हलका जडाला मागे ओढेल म्हणून जोडी हळू पडेल, आणि जोडीचं वजन जास्त म्हणून जोडी वेगाने पडेल. दोन्ही खरं असू शकत नाही. दगड न टाकताच समोरच्याच्या डोक्यातली विसंगती उघडी पडली. तिथे कोणी म्हणालं, “दोरी तुटली तर?” तर ती पळवाट. त्या अर्थाने तुमच्या मित्रांचं बरोबर आहे. ‘थांबतो असं धरू’ म्हटल्यावर तुम्ही पुन्हा ‘थांबत नाही’ म्हणत राहिलात तर तुम्ही कोडं सोडवत नाही, सुटका करून घेताय.

पण एवढ्यावर मी मित्रांच्या बाजूला जाऊन बसणार नाही. ‘घर्षण नाही असं धरू’ आणि ‘परिणाम नक्की आहे असं धरू’ या दोन वाक्यांचा तोंडवळा सारखा असला तरी जात वेगळी आहे. हवेचा विरोध नाही असं धरलं तर पीस आणि हातोडा बरोबर पडतात. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर ते करून दाखवलं. हवा काढत जा, आपण त्या आदर्शाच्या जवळ जवळ जातो, आणि हवा परत घातली तर किती फरक पडेल ते सांगताही येतं. ‘ढकललं की डबा नक्की थांबणार, न ढकललं की पाच नक्की मरणार, तिसरा उपाय नक्की नाही,’ ही खात्री मात्र त्या पुलावरच्या कोणालाच, कधीच नसते. आणि ‘माणसाला हत्यारासारखं वापरू नये’ ही आपल्या मनात खोल बसलेली गोष्ट नेमकी अशाच जगासाठी आहे, जिथे आपले अंदाज चुकतात आणि चुकल्यावर माणूस परत येत नाही. खात्री धरून चालायला सांगणं म्हणजे छत्रीची परीक्षा पाऊस नसताना घेणं. घेता येते, पण त्यातून छत्रीबद्दल फार कळत नाही.

शिवाय माणसाचं मन ‘धरू’ म्हटलं म्हणून धरत नाही. २००९ मध्ये जोशुआ ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुलाच्या कोड्याची रूपं बदलून लोकांना विचारलं. हाताने ढकलायचं असेल तेव्हा साधारण एकतृतीयांश लोकांनी ते मान्य केलं. दूरून बटण दाबून पायाखालचा दरवाजा उघडायचा असेल तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास. माणूस तोच, मरणं तेच, पाच तेच, फक्त हाताचा जोर गेला. आता तुम्हीच बघा, दरवाजा उघडणं हाताने ढकलण्यापेक्षा चांगलं आहे असं कोणी समोरासमोर म्हणेल का? मी वर्गात हा प्रश्न टाकला आहे, आधी हात वर करणारे मग गप्प बसतात. इथे मला कागदी पट्टी सापडल्यासारखी वाटते. कुठला निर्णय विचाराचा आणि कुठला तळहाताचा, ते थोडंसं वेगळं करता येतं. अर्थात तळहाताचा निर्णय म्हणजे चुकीचाच, असंही लगेच ठरत नाही.

आणि कागदावरच्या उत्तराचा भरवसा किती? २०१८ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी सहभागी लोकांसमोर उंदरांचे दोन पिंजरे ठेवले. एकात पाच उंदीर, दुसऱ्यात एक. काही सेकंदांत पाचांना विजेचा झटका बसणार, बटण दाबलं तर तो एकट्याला बसेल. (प्रत्यक्षात कोणालाच बसणार नव्हता, हे लोकांना ठाऊक नव्हतं.) नुसतं विचारल्यावर ६६ टक्के म्हणाले दाबू, खरोखर समोर बसवल्यावर ८४ टक्क्यांनी दाबलं. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, पुलासारख्या कोड्यांना कोणी काय उत्तरं दिली होती यावरून तो पिंजऱ्यासमोर काय करेल हे ओळखता आलं नाही. तेव्हा बैठकीत ‘मी तर ढकललं असतं’ असं ठासून सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. ‘मी कधीच नाही’वाल्याचंही.

तुमच्या आक्षेपाला मी जो मान देतो तो या पुढच्या कारणासाठी. आपोआप चालणाऱ्या मोटारींचा विषय निघाला तसं हेच कोडं नवे कपडे घालून आलं. ब्रेक लागत नाहीत, डावीकडे म्हातारी माणसं, उजवीकडे मुलं, गाडीने कुठे वळावं? २०१८ मध्ये छापलेल्या एका पाहणीत २३३ देश आणि प्रदेशांतून जवळपास चार कोटी उत्तरं गोळा झाली. बऱ्याच ठिकाणी लोकांनी तरुणांना झुकतं माप दिलं. जर्मनीच्या सरकारी नीती आयोगाने २०१७ मध्येच उलट सांगून ठेवलं होतं, की वय, लिंग असल्या गोष्टींवरून गाडीने माणसांत भेद करायचा नाही. मी आयोगाच्या बाजूचा. पण मला या कोड्यात खुपतं ते वेगळंच. ‘ब्रेक लागत नाहीत’ या तीन शब्दांत सगळा खरा प्रश्न बाहेर फेकून दिलाय.

गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. समोर साडेतेरा मीटरवर कोणीतरी रस्त्यात आलं. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरू. त्या एका सेकंदातच गाडी तिथे पोचली. ब्रेक लागायच्या आधी, पुरत्या ५० च्या वेगाने. आता तीच गाडी ताशी ३० ने. सेकंदाला ८.३ मीटर, म्हणजे पाय पडेपर्यंत ८.३ गेले. चांगल्या ब्रेकने, सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद वेग कमी होतो असं धरलं, तर थांबायला आणखी पाच मीटर. एकूण १३.३. त्या माणसाच्या पुढ्यात वीतभर अंतर ठेवून गाडी उभी. डावीकडे की उजवीकडे, म्हातारा की मूल, हा प्रश्नच उद्भवला नाही.

इथे कोण वाचणार हे कोणी आणि कधी ठरवलं? रस्त्यावर वेगाची पाटी लावली त्या दिवशी, आणि चालकाने पाटीकडे बघितलं किंवा नाही त्या क्षणी. पुलाचं कोडंही असंच उलगडून बघा. डब्याचे ब्रेक कोणी तपासले नव्हते? पाच जण रुळावर काम करत असताना वाट बंद का नव्हती? शेवटच्या सेकंदाचा प्रश्न नाट्यमय असतो खरा, पण नीतीचा मोठा भाग त्याच्या कितीतरी आधी, कंटाळवाण्या तपासणीच्या कागदांवर, सह्या होऊन गेलेला असतो. ‘माणसाने डबा थांबत नाही’ असं म्हणताना तुम्ही बहुधा याच दिशेने हात दाखवत होता. तो हात पुढे न्यायला हवा होता, तुम्ही तिथेच थांबलात.

म्हणून माझा सल्ला असा की अशा कोड्याला दोन उत्तरं द्यावीत आणि दोन्ही द्यावीत. पहिलं, अटी जशाच्या तशा मान्य करून. मला विचाराल तर मी ढकलणार नाही. सांध्याचा दांडा ओढेन की नाही याबद्दल मात्र माझी पूर्वीची खात्री आता राहिलेली नाही. त्यात मी एकटा नाही, खुद्द थॉमसन यांनी दांडा ओढायला हरकत नाही हे आपलं मत २००८ मध्ये मागे घेतलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की स्वतःचा जीव देऊन पाच वाचवायला मी तयार नसेन, तर दुसऱ्याचा जीव त्या हिशेबात घालायचा मला काय अधिकार? मी यावर दोन आठवडे विचार करत होतो, आणि मला उलट उत्तर सुचलं नाही. दुसरं उत्तर, अटींवर आक्षेप घेऊन. पण पहिलं दिल्यानंतर. पहिलं टाळून थेट दुसरं दिलं की ती पळवाट दिसते, मग आकडे कितीही बरोबर असोत.

आता पैज. शब्दांचे दोन अर्थ निघत होते आणि दोघांनी दोन अर्थ धरले होते, तर पैज लागलीच नव्हती. कोणी कोणाला काही देणं लागत नाही. मात्र एक गोष्ट मित्राला विचारा, तीही एकांतात. ‘चाकांचा वेग’ हे त्याला पैज लावताना ठाऊक होतं, की तुमचं स्पष्टीकरण ऐकून हरल्यासारखं वाटल्यावर शब्द शोधले? आधी ठाऊक असेल आणि तुम्ही वेगळं समजलाय हे दिसत असूनही तो गप्प राहिला असेल, तर त्याने तुम्हाला फसवलं, विमान उडो न उडो. नंतर शोधले असतील तर त्याचा मुद्दा तरीही खरा आहे आणि तुम्ही तो मान्य करायला हवा. तुम्ही पुलावर जे केलंत तेच त्याने पट्ट्यावर केलं.

पुढची पैज होडी आणि दगडावर लावा. तिथे शब्दांत फारशी फट नाही. फक्त टब अरुंद घ्या, वजन किलोभराचं पोलादी घ्या, आणि ते पाण्यात सोडताना हळू सोडा, नाहीतर उडालेल्या पाण्यावरून नवा वाद सुरू होईल.